मिठाची चिमूट आणि सूर्याचें वातावरण

भाईंदरच्या खाडीकांठीं मिठागरांत पिढ्यान् पिढ्या मीठ पिकत आलें. उधाणाचें पाणी बांधलेल्या कोंड्यांत घ्यावें, उन्हानें तें आटावें आणि तळाशीं पांढरे कण दिसूं लागावे, हा तेथील क्रम. उन्हाशिवाय मीठ नाहीं, हें आगरांत राबणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. परंतु त्या मिठांत जो एक धातु आहे तोच सूर्याच्या वातावरणांतही आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. सूर्य आपणांपासून सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर आहे. त्या आगींत हात घालून कोणी पाहूं शकत नाहीं. मग ही गोष्ट कळली कशी? प्रकाशानेंच ती सांगितली. आणि ती कशी सांगितली हें आज आपण पाहूं.

१. ज्योतीची साक्ष

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत फिकट निळी असते. तींत मिठाची चिमूट टाकिली कीं ती तत्काळ पिवळी होते. खारें पाणी उतूं जाऊन स्टोव्हच्या निळ्या ज्योतीवर पडलें म्हणजे हाच रंग दिसतो, हें घरांतील बायकांनीं अनेकदां पाहिलें असेल. हा रंग मिठांतील सोडियम नांवाच्या धातूचा होय.

ह्याचें कारण असें. प्रत्येक अणूंत मध्यभागीं केंद्र असतें व त्याभोंवतीं इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनास वाटेल तेथें राहतां येत नाहीं. त्याच्याकरितां जणूं पायऱ्या नेमून दिलेल्या आहेत. उष्णतेचा धक्का बसला कीं तो वरच्या पायरीवर चढतो, आणि खालीं उतरतांना त्या दोन पायऱ्यांमधील अंतराइतकीच शक्ति प्रकाशाच्या रूपानें बाहेर टाकितो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या निराळ्या, म्हणून प्रत्येकाच्या प्रकाशाचे रंगही निराळे. सोडियमचा प्रकाश लोलकांतून नीट पाहिला तर एकमेकींस लागून अशा दोन पिवळ्या रेघा दिसतात.

२. काळ्या रेघांचें कोडें

सूर्याचा प्रकाश लोलकांतून गेला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो. त्यास वर्णपट म्हणतात. जर्मनींत भिंगें घडविणाऱ्या फ्राउनहोफर नामक कारागिरानें १८१४ सालीं हा पट्टा बारकाईनें तपासला, तेव्हां त्यांत ५०० हून अधिक काळ्या रेघा त्यास आढळल्या. पिवळ्या भागांतील एका ठळक जोडीस त्यानें 'डी' हें अक्षर दिलें. मिठाच्या ज्योतींतील पिवळ्या रेघा ज्या जागीं पडतात, बरोबर त्याच जागीं ही काळी जोडी होती. एकाच जागीं एकदां उजेड व एकदां अंधार, हें कसें?

हें कोडें हायडेलबर्ग येथील प्राध्यापक किर्खोफ ह्यांनीं १८५९ सालीं सोडविलें. त्यांनीं सूर्यप्रकाशाच्या वाटेंत मिठाची पिवळी ज्योत ठेविली. पिवळ्या प्रकाशाची भर पडून काळ्या रेघा भरून निघतील, असें कोणासही वाटलें असतें. सूर्यप्रकाश मंद होता तोंवर तसेंच झालें. परंतु तो प्रखर होतांच त्या रेघा पूर्वीपेक्षांही अधिक काळ्या झाल्या! म्हणजे ज्योतींतील सोडियम आपल्या रंगाचा प्रकाश देत होता, आणि पाठीमागून येणाऱ्या अधिक तप्त तेजांतून तोच रंग घेतही होता. आणि त्याच्या देण्याहून घेणें अधिक होतें. ह्यावरून नियम निघाला तो असा कीं, वायु ज्या रंगाचें दान करितो, त्याच रंगाचें ग्रहणही करितो.

३. सूर्यावर काय घडतें

सूर्याचा जो झगझगीत पृष्ठभाग आपणांस दिसतो त्यास प्रकाशगोल म्हणतात. तो घन नसून तप्त वायूचाच आहे, आणि त्याची उष्णता सुमारें ५,५०० अंश सेल्सियस आहे. त्याचे वरचे थर खालच्यांहून थंड असतात; कांहींशे किलोमीटर वर उष्णता ४,००० अंशांच्या थोडी वर एवढीच राहते. खालून येणारा सर्व रंगांचा प्रकाश ह्या थरांतून जातांना तेथील सोडियम, लोह, कॅल्शियम इत्यादिकांचे अणु आपापला रंग अडवितात. अडविलेला प्रकाश ते बहुधा पुन्हां सोडतात खरे, परंतु तो दाही दिशांस फांकतो. आपल्या वाटेस थोडाच येतो. म्हणून तेवढी रेघ काळी दिसते. काळी म्हणजे अगदीं प्रकाशहीन नव्हे. भर दुपारीं उन्हांत लावलेली समई जशी निस्तेज वाटते, तशी ती रेघ शेजारच्या तेजापुढें काळी वाटते, इतकेंच.

४. ग्रहणानें केलेली परीक्षा

हा विचार खरा असेल तर त्याची एक परीक्षा घेतां येईल. पाठीमागचें प्रखर तेज झांकलें आणि कडेचा वायु तेवढा उघडा राहिला, तर काळ्या रेघा उजळल्या पाहिजेत. खग्रास ग्रहणांत चंद्र हेंच करितो. बिंब पुरतें झांकलें जातें त्या क्षणीं सूर्याच्या वातावरणाचा पातळ थर चंद्राच्या कडेवर दोनचार सेकंद एकटा दिसतो. १८७० सालीं स्पेन देशांत अमेरिकन ज्योतिषी यंग ह्यांनीं त्या क्षणीं काळ्या रेघा एकदम उजळतांना पाहिल्या.

आपल्या महाराष्ट्रांत ही संधि २२ जानेवारी १८९८ रोजीं आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील विजयदुर्ग किल्ल्यावर इंग्रज ज्योतिषी नॉर्मन लॉकियर ह्यांनीं यंत्रें मांडलीं. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांचा तळ होता, व अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कँबेल हेही तेथेंच होते. खग्रास स्थिति सुमारें दोन मिनिटेंच टिकली. कॅमेऱ्यापुढें लोलक बसविला असतां सूर्याच्या कोरीची प्रत्येक रंगांत एक एक चकाकती कमान उमटते. अशा कमानींचीं छायाचित्रें त्या प्रसंगीं घेण्यांत आलीं, आणि क्षणभराचें तें दर्शन पुढील अभ्यासास कायमचें मिळालें.

५. हेलियमविषयीं एक दुरुस्ती

विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवितात, आणि १८६८ सालीं लॉकियरसाहेबांनीं त्यांवरूनच हेलियमचा शोध लाविला, असें सांगतात. शिक्षक बंधूंनीं ही गोष्ट दुरुस्त करून सांगावी. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं लॉकियर इंग्लंडांत होते. तें ग्रहण आंध्रांतील गुंटूर येथून फ्रेंच ज्योतिषी जान्सेन ह्यांनीं, तर मराठी संस्थान जमखंडी येथून लेफ्टनंट जॉन हर्शेल ह्यांनीं पाहिलें. लॉकियर ह्यांनीं २० ऑक्टोबर १८६८ रोजीं इंग्लंडांतूनच, ग्रहणावांचून, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यांतील एक पिवळी रेघ सोडियमच्या जोडीजवळ, पण तिच्याहून निराळी ठरली. ती एका नव्या द्रव्याची असें मानून त्यास सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम म्हटलें. पृथ्वीवर तें १८९५ सालीं रॅमसे ह्यांस सांपडलें. विजयदुर्गास लॉकियर आले ते त्यानंतर. किल्ल्याचा खरा मान १८९८ च्या कामाचा आहे, आणि तो लहान नाहीं.

हेलियम इतकीं वर्षें लपून कां राहिला? त्याच्या इलेक्ट्रॉनास पहिली पायरी चढावयास फार शक्ति लागते. प्रकाशगोलाच्या उष्णतेंत ती मिळत नाहीं. म्हणून सूर्याच्या दृश्य वर्णपटांत त्याची ठळक काळी रेघ नाहीं. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारें चौथा हिस्सा हेलियम असूनही तो मुका राहिला. रेघेचा ठळकपणा केवळ द्रव्याच्या राशीवर नसून उष्णतेवरही अवलंबून असतो, हें आपल्या देशाच्या मेघनाद साहा ह्यांनीं १९२० सालीं गणितानें दाखविलें.

आतां पुन्हां मिठागराकडे वळूं. कोंड्यांत जें ऊन पडतें, त्यांतला तेवढा एक पिवळा रंग सूर्याच्या सोडियमनें बहुतेक अगोदरच राखून घेतलेला असतो. आणि त्याच उन्हानें पिकलेलें मीठ ज्योतींत टाकिलें कीं नेमका तोच रंग आपल्यापुढें उभा राहतो.

वर्गांत विचारण्याजोगे प्रश्न

१. मिठानें ज्योत पिवळी कां होते?
२. तोच सोडियम सूर्याच्या वर्णपटांत काळी रेघ कां पाडितो?
३. खग्रास ग्रहणांत ती रेघ क्षणभर कां उजळते?

(सूचना: मिठाचा प्रयोग शिक्षकांनीं स्वतः करावा. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनीं किंवा दुर्बिणींतून कोणींही पाहूं नये.)