यादवीतील मृतांचे स्मरण : चांदा मुलखाच्या इतिहासातून एक पाठ

ऑक्टोबर महिना हा आमच्या जिल्ह्याचा स्मरणाचा महिना होय. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला येऊन धम्मदीक्षा दिली. म्हणून दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. त्यानंतर पाचच दिवसांनी २१ ऑक्टोबर उजाडतो. त्या दिवशी चंद्रपूरच्या कारागृहाजवळील पिंपळापाशी लोक जमतात आणि वीर बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांना अभिवादन करतात, कारण १८५८ साली याच तारखेला त्यांना येथे फाशी देण्यात आले. आणि याच २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ साली लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस ठरला. गडचिरोलीत मात्र त्या दिवशी जी नावे आठवतात ती लडाखची नसून याच जंगलात पडलेल्या जवानांची असतात.

एकाच तारखेला, एकाच मुलखात, एक स्मरण सरकारविरुद्ध शस्त्र उचललेल्याचे आणि दुसरे सरकारच्या गणवेशात मेलेल्यांचे. ही दोन्ही स्मरणे एका मनात मावू शकतात काय? मावत असतील तर कोणत्या आधारावर? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

यादवी कशाला म्हणावे?

परक्या शत्रूशी होते ते युद्ध आणि आपल्याच माणसांत होते ती यादवी. यादव आपसात लढून नाश पावले, त्या कथेवरून हा शब्द आपल्या भाषेत आला. यादवीची खूण अशी की, लढाई संपल्यावर दोन्ही पक्षांना त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर, त्याच बाजारात पुन्हा एकमेकांसमोर उभे राहावे लागते. परका शत्रू परत जातो, घरचा शत्रू शेजारीच राहतो. म्हणून यादवीतील मृतांचे स्मरण ही अवघड गोष्ट आहे. एका घरचा हुतात्मा तो शेजारच्या घरचा मारेकरी असतो.

१८५८ चा चांदा

नागपूरच्या भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये कंपनी सरकारने खालसा केले आणि चांदा हा इंग्रजी अमलाखालील जिल्हा झाला. आजचा गडचिरोली जिल्हा त्यातच मोडत होता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. या मुलखात गोंड जमीनदारांच्या पिढीजात जमीनदाऱ्या होत्या. नव्या अमलाने त्यांचे अधिकार आवळत आणले. अशा काळात मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यात उठाव केला. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंड, माडिया आणि रोहिले अशी त्यांची फौज होती. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामनपेठ या ठिकाणी मार्च-एप्रिलात चकमकी झडल्या. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठी चिंचगोंडी येथे तारेच्या कामावरील छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले.

चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या हे ध्यानात आले की, या रानात बाबूरावांना केवळ फौजेच्या बळावर पकडणे शक्य नाही. म्हणून त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. त्यांच्या माणसांच्या मदतीने १८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबरला त्यांना फाशी झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. व्यंकटराव बस्तरमध्ये निसटले, परंतु १८६० मध्ये बस्तरच्या राजाकरवी तेही पकडले गेले व त्यांना जन्मठेप झाली. बंडवाल्यांच्या जप्त मुलखातून लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाले.

दोन्ही बाजूंना कोण होते?

ही लढाई इंग्रजांविरुद्ध होती यात शंका नाही, आणि बाबूरावांचे स्थान स्वातंत्र्यलढ्यात आहे यातही नाही. १२ मार्च २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढून ते मान्यही केले. परंतु अभ्यासकाने थोडे खोलात गेले पाहिजे. इंग्रज अधिकारी मूठभर होते. समोरासमोर उभे होते ते बहुतेक याच देशाचे लोक. पकडणारेही येथलेच आणि पकडले जाणारेही येथलेच. म्हणजे वरून जे स्वातंत्र्ययुद्ध होते, तेच खाली गावपातळीवर यादवीचे रूप घेऊन आले होते.

लक्ष्मीबाईंना एका शब्दात दोषी ठरवून आपण मोकळे होतो. पण ज्या सत्तेने एका घराला दुसऱ्या घराविरुद्ध उभे केले, तिची कार्यपद्धती आपण शिकत नाही. जमीनदारी राखायची तर आपल्या माणसाला धरून द्यावे लागेल, हा पेच सत्तेने घातला होता. बक्षिसाचा मोह आणि जप्तीची भीती ही दोन शस्त्रे बंदुकीहून स्वस्त पडतात. हे समजून घेणे म्हणजे दोषाला माफी देणे नव्हे. पुढच्या वेळी तोच पेच ओळखता यावा यासाठी ते समजून घ्यायचे.

आणखी एक गोष्ट. बाबूरावांचे नाव राहिले, व्यंकटरावांचे राहिले, गार्टलंड व हॉल यांचीही नावे कागदात राहिली. पण त्या चकमकींत पडलेले गोंड, माडिया, रोहिले आणि सरकारी बाजूचे शिपाई यांची नावे आज कोण घेतो? सरदार आठवणीत राहतो, शिपाई राहत नाही. याला एक ठळक अपवाद आपल्या समाजाला ठाऊक आहे. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, त्यात महार सैनिकांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. दगडावर नाव कोरले गेले म्हणूनच शंभर वर्षांनंतर एका दडपलेल्या समाजाला आपला पराक्रम वाचता आला. नाव नोंदवण्याचे सामर्थ्य एवढे मोठे आहे! आणि तरी हेही विसरू नये की त्या लढाईतही दोन्ही बाजूंना याच भूमीची माणसे पडली.

सम्राट अशोकाचा तेरावा लेख

जगात जेत्यांनी उभारलेली स्मारके पुष्कळ आहेत. परंतु जिंकलेल्या राजाने हरलेल्यांची मृतसंख्या दगडावर कोरून त्याबद्दल खेद व्यक्त केल्याचे उदाहरण विरळा. सम्राट अशोकाने राज्याभिषेकास आठ वर्षे झाल्यावर, म्हणजे इ.स. पूर्व २६१ च्या सुमारास, कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात तो सांगतो की, दीड लाख माणसे तेथून हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट मरण पावली. इतकेच सांगून तो थांबत नाही. जे स्वतः वाचले पण ज्यांचे मित्र, नातलग, सोबती संकटात सापडले, त्यांचे दुःखही तो युद्धाच्या हानीत मोजतो. आधुनिक काळातील युद्धाच्या अहवालातही हा हिशेब क्वचितच आढळतो.

मात्र अभ्यास हा भक्तीने डोळे मिटून करायचा नसतो. त्याच लेखात अशोक आपल्या राज्यातील अटवीच्या, म्हणजे रानातल्या लोकांना उद्देशून बोलतो. तो त्यांना समजावतो, पण पश्चात्ताप झाला असला तरी आपल्या हाती सामर्थ्य आहे, अशी ताकीदही देतो. आणि ज्या कलिंगाबद्दल हा खेद होता, त्या कलिंगातील धौली व जौगड येथे मात्र हा तेरावा लेख कोरलेला नाही. तेथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत. आपल्या जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक येथे प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा प्राचीन ब्राह्मी लेख सापडला, तो अशोककालीन असल्याचे विद्वान मानतात. म्हणजे ही वाणी आमच्या रानापर्यंत पोचली होती. परंतु रानातील माणूस आणि राजसत्ता यांच्यातला ताण तितकाच जुना आहे, हेही त्याच वाणीतून कळते.

आमच्या काळातील यादवी

गेल्या चार दशकांत गडचिरोलीच्या जंगलाने जे पाहिले ते वाचकांस सांगणे नको. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ येथे आली. जंगलाचा हक्क, तेंदूपानाची मजुरी, वनखात्याचा जाच हे प्रश्न खरे होते. पण बंदुकीच्या मार्गाने त्या प्रश्नांबरोबर माणसेही गिळली. १९९० साली पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले. त्यात स्थानिक तरुण, पुष्कळसे आदिवासी, भरती झाले. समोरच्या दलमातही अशाच गावांतील मुलेमुली होती. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरातील चकमकीत चाळीसच्या आसपास नक्षलवादी मारले गेले, कित्येकांचे मृतदेह इंद्रावतीच्या पात्रातून काढावे लागले. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभूळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मरण पावला. आणि या दोहोंच्या मध्ये, खबऱ्या ठरवून रात्री घरातून उचलून नेलेले गावकरी आहेत. त्यांच्यासाठी सलामीची बंदूकही वाजत नाही आणि लाल स्तंभही उभा राहत नाही.

२८ जुलै ते ३ ऑगस्ट हा आठवडा नक्षलवादी आपल्या मृतांच्या नावे पाळत आले, त्यासाठी स्मारके बांधत आले आणि पोलीस ती पाडत आले. स्मरणावरूनही लढाई झाली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत भूपती या वरिष्ठ नेत्याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. शस्त्र खाली ठेवल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. ज्या आईचा मुलगा पोलिसात मेला आणि ज्या आईची मुलगी दलमात मेली, त्या दोघी आता एकाच आठवडी बाजारात मीठ-मिरची घ्यायला येतील. त्यांना एकमेकींकडे पाहता यावे, असे स्मरण आपल्याला करता येईल काय?

रोहिणीचे पाणी

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य आणि कोलीय हे सोयरे होते, म्हणजे तीही यादवीच होती. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. पण नुसता विरोध केला नाही, उपायही सुचवला : दोन माणसे आपण निवडावीत, दोन कोलीयांनी निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. बहुमताने त्याचे म्हणणे फेटाळले व त्याला घर सोडावे लागले. यातून शिकायचे ते हे की, शांतता ही केवळ भावना नाही, तिला पंचायत लागते, चौकशी लागते, दोन्ही बाजूंना मान्य असे माणूस लागते.

स्मरणालाही हाच नियम लावावा असे आम्हांस वाटते. सर्व मृत सारखेच बरोबर होते, असे म्हणण्याची गरज नाही. न्याय कोणाच्या बाजूला होता हे इतिहासाने तपासलेच पाहिजे, अन्यथा जुलमी आणि जुलूम सोसणारा एकाच मापाने मोजला जाईल. परंतु न्यायनिवाडा आणि मृत्यूची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद सर्वांची व्हावी, निवाडा पुराव्याने व्हावा, आणि शोक करण्याचा अधिकार कोणाही आईकडून काढून घेऊ नये. या तीन गोष्टी पाळल्या तर २१ ऑक्टोबरची दोन्ही स्मरणे एका मनात मावतील.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

प्रत्येक विहारात व वाचनालयात पुढील प्रश्नांवर चर्चा व्हावी, अशी विनंती आहे.

१. आपल्या गावातून सैन्यात, पोलिसात किंवा कोणत्याही लढ्यात गेलेल्या व परत न आलेल्या माणसांची नावे गावात कोणास ठाऊक आहेत? ती एका वहीत, सालासह, लिहून काढता येतील काय?

२. १८५८ च्या उठावाविषयी म्हाताऱ्या माणसांकडे कोणत्या आठवणी आहेत? गोंडी व माडिया भाषेतील आठवणी त्याच भाषेत उतरवून घेणारा कोणी आपल्यात आहे काय?

३. अशोकाने हरलेल्यांचे दुःख कोरले, पण रानातल्या लोकांना ताकीदही दिली. या दोहोंचा मेळ आपण कसा लावाल?

४. हिंसेत मारल्या गेलेल्या निरपराध गावकऱ्याच्या घरी शेवटचे कोण, कधी जाऊन आले?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत मिळतील. चौथ्याचे उत्तर मात्र पायांनी चालून द्यावे लागेल. यंदाच्या २१ ऑक्टोबरला अभिवादन करून घरी परतताना, वाटेवरच्या अशा एका तरी घरी आपण थांबावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

भवतु सब्ब मंगलम्.