शोभिवंत माशांचे साथीचे रोग : ओळख आणि बंदोबस्त

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा काचेआड पोहणारे रंगीत मासे पाहण्यासाठी लोक दुरून येत असत. आज असे मासे शाळेच्या व्हरांड्यात, दवाखान्यात आणि घरोघरी दिसतात. मुंबई आणि कोकण यांच्या वेशीवर वसलेले पनवेल शहर व त्याच्या आसपासची गावेही याला अपवाद नाहीत. मात्र हौसेने आणलेले मासे पंधरवड्यात एकामागून एक मरू लागतात आणि पेटी रिकामी होते, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. दोष बहुधा पाण्याला किंवा खाद्याला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा रोग नव्या माशाबरोबर पेटीत आलेला असतो.

रोग कसा येतो?

कोलकाता व चेन्नई परिसरातील तळ्यांत वाढविलेले मासे मुंबईच्या बाजारात येतात आणि तेथून पनवेलसारख्या शहरांतील दुकानांत पोहोचतात. या प्रवासात निरनिराळ्या ठिकाणचे मासे एकाच पाण्यात येतात. दाटी, प्राणवायूची कमतरता आणि बदलते तापमान यांमुळे त्यांची प्रतिकारशक्ती घटते. वरून निरोगी दिसणारा मासाही अंगावर रोगजंतू बाळगून असू शकतो. जाळी, नळी, पाणवनस्पती आणि ओले हात यांच्याद्वारेही संसर्ग एका पेटीतून दुसरीत जातो.

रोग की दूषित पाणी?

सर्व जातींचे मासे काही तासांतच पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, तर प्रथम पाण्याचा संशय घ्यावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, साचलेल्या विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया किंवा प्राणवायूचा अभाव ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा वेळी औषध न घालता एक-तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून किंवा क्लोरीननाशक घालून वापरावे. याउलट, आधी एक-दोन मासे आजारी पडून काही दिवसांनी इतर मासे त्याच लक्षणांनी आजारी पडले, तर तो साथीचा रोग समजावा.

लक्षणे

अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे आणि माशाने दगडावर अंग घासणे ही ठिपक्यांच्या रोगाची खूण आहे. पावसाळ्याच्या आरंभी किंवा थंडीच्या रात्री पाणी एकाएकी गार झाले की हा रोग बळावतो. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे उठाव येतात. तो मात्र रोग नव्हे.

तोंडाभोवती कापसासारखा थर येणे, पर झिजणे आणि अंगावर लाल व्रण पडणे ही जिवाणूंच्या किंवा बुरशीच्या संसर्गाची चिन्हे आहेत. पोट फुगून खवले उभे राहिले, तर रोग शरीरात खोल गेला आहे असे मानावे. अन्न न घेणे, पर मिटून कोपऱ्यात राहणे आणि श्वास जलद होणे ही बहुतेक रोगांची प्रारंभीची लक्षणे होत. म्हणून दररोज खाद्य देताना दोन मिनिटे निरीक्षण करण्याची सवय उपयोगी पडते.

उपचाराचा क्रम

आजारी मासा तत्काळ वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि त्याच्यासाठी जाळी व नळीही स्वतंत्र असावी. ठिपक्यांच्या रोगात मात्र एक मासा वेगळा करून भागत नाही. या रोगाचा सूक्ष्मजीव माशाच्या त्वचेखाली वाढतो, नंतर गळून तळाशी बसतो आणि तेथे त्याच्यापासून शेकडो नवे जीव निर्माण होतात. पाण्यात पोहत नवा मासा शोधणाऱ्या याच अवस्थेवर औषधाचा परिणाम होतो. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सियस असताना हे चक्र सुमारे आठवड्यात पुरे होते. म्हणून संपूर्ण पेटीवर उपचार करावा आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही तो आणखी एक आठवडा चालू ठेवावा. दर लिटर पाण्यास १ ते २ ग्रॅम जाडे मीठ थोडेथोडे करून विरघळवावे आणि हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. खवले नसलेल्या माशांना मीठ कमी मानवते, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रमाण निम्मे असावे.

प्रतिजैविके अंदाजाने पाण्यात टाकणे हानिकारक आहे. त्यामुळे पाणी शुद्ध राखणारे उपयुक्त जिवाणू मरतात आणि रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात.

सर्वांत स्वस्त उपाय विलगीकरणाचा आहे. नवा मासा किमान तीन आठवडे निराळ्या भांड्यात ठेवून मगच मुख्य पेटीत सोडावा. त्याच्या पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये.

शिक्षकांसाठी सूचना

माशांतील मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जिवाणू हातावरील जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरून दीर्घकाळ न बरी होणारी गाठ निर्माण करू शकतो. शाळेतील पेटी साफ करताना हातमोजे वापरावेत, जखम असलेल्या विद्यार्थ्याला हे काम देऊ नये आणि नळीतील पाणी तोंडाने ओढू देऊ नये.

पेटीपासून तळ्यापर्यंत

या विषयाची खरी सार्वजनिक बाजू येथे सुरू होते. कंटाळा आला म्हणून किंवा मरणाऱ्या माशाची दया येऊन तो जवळच्या तळ्यात सोडला जातो. पनवेलमध्ये वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे अशी जुनी तळी आहेत, तर ग्रामीण भागात गावतळ्यांतील मासळीवर काही कुटुंबांची उपजीविका चालते. १९८८ साली ईशान्य भारतात शिरलेला माशांचा व्रणरोग पुढील काही वर्षांत देशभर पसरला आणि मरळीसारख्या खाद्य माशांची मोठी हानी झाली. बुरशीसदृश सूक्ष्मजीवापासून होणारा हा रोग गुरामीसारख्या शोभिवंत माशालाही होतो. काचेची पेटी आणि गावतळे हा भेद रोगजंतूला ठाऊक नाही.

म्हणून मेलेले मासे विहिरीपासून दूर, चुना टाकून पुरावेत. रोगट पेटीचे पाणी ब्लीचिंग पावडर घालून रात्रभर ठेवावे आणि नंतर शोषखड्ड्यात सोडावे. ते गटारात किंवा गाढी नदीकडे वाहणाऱ्या नाल्यात सोडू नये.

डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे गावोगाव सोडले जातात. ते आरोग्य विभागाच्या पैदास केंद्रातूनच घ्यावेत. सोडण्यापूर्वी त्यांच्या अंगावर ठिपके किंवा व्रण नाहीत याची ग्रामपंचायतीने खात्री करावी. तळ्यात अचानक मासे मरू लागल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास, रायगडच्या बाबतीत अलिबाग येथे, त्वरित कळवावे. केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल अ‍ॅपवरही अशी खबर देता येते.

एका पेटीतील चार मासे गेले, तर नुकसान काही रुपयांचे होते. तोच रोग तळ्यात उतरला, तर एका कुटुंबाचा वर्षाचा हंगाम जातो. नव्या माशासाठी निराळे भांडे आणि तीन आठवड्यांचा धीर एवढ्यावर हे नुकसान बहुतांशी टाळता येते.