आजोबांच्या जन्माची नोंद कशी शोधावी?

शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की आपल्या धर्मग्रामांत एक प्रश्न हमखास कानी येतो. नातीला राखीव जागेवर प्रवेश मिळायचा असतो, त्यासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते आणि अनुसूचित जमातीच्या अर्जदाराकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. घरात काय असते? आजोबांचे आधार कार्ड आणि त्यावर १ जुलै ही जन्मतारीख. एकेकाळी गुरुजींनी निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जून नाही तर १ जुलैला ठरवून टाकला होता! तेव्हा खरी नोंद कुठे असू शकते याचा आपण विचार करू.

जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ सालचा असून आपल्या राज्यात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या जन्मासाठी ग्रामपंचायतीत खेटे घालून बहुधा काही हाती लागत नाही. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. गावात कोणाकडे मूल झाले, कोण वारले याची वर्दी कोतवाल पोलीस ठाण्यावर देत असे. त्याच नोंदींना आपल्याकडे कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी म्हणतात. ही जुनी पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधावीत.

पण कोणत्या तहसिलीत? पुष्कळ कुटुंबे इथेच अडतात. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, तो गडचिरोली आणि सिरोंचा या जुन्या तहसिलींतून. आजचे अहेरी, एटापल्ली, भामरागड हे तालुके त्या काळी सिरोंचात मोडत. म्हणून एटापल्लीला ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळाले तरी निराश होऊ नये. सिरोंच्यालाही अर्ज करावा. राजुऱ्याकडील बांधवांची गोष्ट आणखी निराळी. तो भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व नंतर त्या राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. तिथले जुने कागद उर्दूत निघाले तर जाणकाराकडून भाषांतर करून घ्यावे लागते.

दुसरी अडचण घरातलीच आहे. नोंद होते ती जन्म जिथे झाला त्या गावी, वडिलांच्या गावी नव्हे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. त्यामुळे आजोबांचा शोध घेताना पणजीचे माहेर कोणते, हे आधी विचारावे. घरातल्या वृद्ध स्त्रियांना ते ठाऊक असते, पण त्यांना कोणी विचारत नाही. साल आठवत नसेल तर चिमूरचा उठाव (ऑगस्ट १९४२) झाला तेव्हा आजोबा चालत होते का, बाबासाहेब चांद्याला आले (ऑक्टोबर १९५६) तेव्हा त्यांचे लग्न झाले होते का, असे विचारत गेले की अंदाज बांधता येतो. अर्जात मौजा, पणजोबांचे नाव आणि अंदाजाच्या मागची-पुढची तीन-चार वर्षे लिहावीत.

कोतवाल बुकात बाळाचे नाव सापडेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. बहुतेक वेळा बापाचे नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि तारीख एवढेच असते. मग तो मुलगा म्हणजे आपलेच आजोबा हे दाखवावे लागते. त्यासाठी सर्व भावंडांच्या नोंदी काढाव्यात, वंशावळीशी क्रम जुळवावा आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा सोबत जोडावा.

इथे स्नानसंस्काराची नोंदवहीही उपयोगी पडते. तिच्यात मूळ नाव, आईवडील, गाव, जन्मतारीख असते आणि पुढे समासात दृढीकरण व विवाहाचीही नोंद होते. चांदा धर्मप्रांताची सुरुवात १९६२ ची आहे. त्याआधी हा भाग नागपूरकडे होता, तेव्हा जुन्या संस्कारांची चौकशी तिकडेही करावी. ही नोंदवही सरकारी जन्मदाखल्याची जागा घेत नाही, पण ‘लहानू’ आणि ‘जोसेफ’ हा एकच माणूस, हे ती सांगू शकते.

आमच्या लोकांना सर्वांत जास्त नडणारी चूक शाळेच्या रजिस्टरात असते. जातीच्या रकान्यात ‘गोंड’ किंवा ‘माडिया’ न लिहिता ‘ख्रिश्चन’ लिहिलेले असते. धर्म हा जातीच्या रकान्यात लिहायचा नसतो. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अटही नाही. अशा वेळी पणजोबांच्या नावापुढे कोतवालाने लिहिलेला एक शब्द फार मोलाचा ठरतो. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदपत्रांना अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आनंद यांच्या प्रकरणात म्हटले आहे. शाळेत शिकत असलेल्या मुलांच्या रजिस्टरातील असली चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सुटल्यावर ते फार कठीण होते.

चूक १९७० नंतरच्या जन्मनोंदीत असेल तर कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडे, म्हणजे गावात ग्रामसेवकाकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी), पुराव्यासह अर्ज करावा. मूळ अक्षरे खोडायची नसतात; दुरुस्ती समासात लिहून निबंधक तारखेसह सही करतो. खाडाखोड केलेला उतारा तपासणी समितीपुढे ठेवणे म्हणजे संशय ओढवून घेणे.

जुनी नोंद चुकीची आहे म्हणून नवीच करून घेऊ, असा सल्ला देणारे दलाल कचेरीबाहेर भेटतात. तो ऐकू नये. एका माणसाच्या दोन नोंदी, दोन तारखा झाल्या की दोन्ही कागद निकामी होतात आणि नातीचे वर्ष वाया जाते. नोंद खरोखरच नसेल तर आधी नमुना १० मध्ये तसा दाखला घ्यावा, मगच उशिराच्या नोंदणीचा अर्ज करावा. जन्माला वर्ष उलटून गेले असेल तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले आहे. महाराष्ट्रात २०२५ मध्ये ही तपासणी अधिक कडक झाली, तेव्हा प्रतिज्ञापत्रात ठाऊक आहे तेवढेच लिहावे.

त्याच १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. ज्या घरी पाळणा हलला आहे त्यांनी २१ दिवसांच्या आत नोंद करावी, आणि दाखला हाती आला की तिथेच उभे राहून आईचे नाव, आडनाव, गाव अक्षर न् अक्षर वाचून पाहावे.