यंत्र तर नकोच, नवं पिस्तूलही आत्ता नको

अगं, तुझा मेसेज वाचला. पगारातून पै-पै करून साठवलेले पैसे, आणि मनात दोन गोष्टी: अमेरिकेतल्या कुणाच्या तरी व्हिडिओत पाहिलेलं काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र, नाहीतर शोरूममधून येणारं नवंकोरं पिस्तूल. फोनवर बोलले असते तर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडलं असतंस, म्हणून लिहून पाठवतेय. शांतपणे वाच.

आधी यंत्राचं मिटवून टाकू. तिकडे लोक मोठ्या बोअरच्या पिस्तुलांनी आठवड्याला शेकड्यांनी गोळ्या झाडतात. झाडून झाली की पितळी पुंगळी उरते, आणि काडतुसात सगळ्यात महाग तीच. तिच्यात नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. यंत्राचे पैसे काही हजार गोळ्यांत वसूल होतात. त्या माणसाचं गणित त्याच्या गावात बरोबर आहे.

आपल्याकडे मात्र १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्यातली दारूगोळ्याची व्याख्या एकदा वाचच, तुझे डोळे उघडतील. नुसतं काडतूसच नाही, काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा कायद्याच्या लेखी दारूगोळाच. म्हणजे एकही गोळी न भरता ते यंत्र बोरिवलीच्या तुझ्या बेडरूममध्ये नुसतं पडून राहिलं, तरी तू परवान्याशिवाय दारूगोळा बाळगलास. भरायला घेतलंस तर विनापरवाना उत्पादन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. कस्टम्सवाल्यांनी पार्सल उघडल्यावर आईला काय सांगणार होतीस?

आणि समजा कायदा नसता, तरी ते तुझ्या काय कामाचं? तू आज दहा मीटरवर एअर पिस्तूल चालवतेस. त्यात दारू नसते, पुंगळी नसते. दाबलेली हवा आणि साडेचार मिलिमीटरची शिशाची पेलेट, बस. पुढे पंचवीस मीटरवर गेलीस तर पॉइंट टू-टूचं काडतूस येईल. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेला असतो. घोड्याचा ठोका बसला की ती कड चेपते आणि पुंगळी संपली. नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच काडतुसावर, आणि स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यही त्याच काडतुसावर. यातलं कुणीही घरी गोळ्या भरत बसलेलं नव्हतं. पॉइंट टू-टूची काडतुसं व्यवहारात पुन्हा भरताच येत नाहीत. तेव्हा यंत्राचा विषय बंद.

आता पिस्तूल. इथे मी तुला नाही म्हणणार नाही, फक्त "नवं" या शब्दावर अडणार आहे.

कायद्याची अडचण इथे फारशी नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वीस ज्यूलपर्यंतच्या आणि साडेचार मिलिमीटर बोअरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टू घ्यायचं म्हटलं तर मुंबईत पोलीस आयुक्तालयाची पायरी चढावी लागते; ते पुढचं पुढे. अडचण आहे ती किमतीची. स्टेअर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ यांतलं कुठलंही घेतलंस तरी आकडा लाखाच्या बराच पुढे जातो. एवढे पैसे एका फटक्यात गेले की वर्षभर पेलेट मोजून वापरशील, आणि नेमबाजाने पेलेटची कंजूषी केली की खेळ तिथेच थांबतो.

तू हिशेबात पक्की आहेस, तर हे बघ. स्पर्धा साठ शॉटची, पंचाहत्तर मिनिटांची. सायटिंगचे धरून एका सत्रात पंचाहत्तर-ऐंशी पेलेट जातात. डबा पाचशेचा. म्हणजे साधारण सहा सत्रं. आठवड्यातून तीनदा रेंजवर गेलीस तर पंधरवड्याला एक डबा. त्यावर रेंजची फी, कोचची फी, हवेचा सिलिंडर भरणं, स्पर्धांच्या प्रवेशफी, पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जायचं भाडं. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, हा खर्च दर महिन्याला येतो आणि त्याचा फोटो कुणी स्टेटसला लावत नाही.

दुसरं असं, की तुझे गुण पिस्तुलामुळे अडलेत का? दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर. क्लबचं बरं ठेवलेलं जुनं मॅच पिस्तूल शिकंज्यात आवळून झाडलं, तर पेलेट एकमेकींच्या भोकातूनच जातात. सात आणि आठ येतात ते मनगटातून, ट्रिगरवरच्या बोटातून आणि शॉट सुटल्या सुटल्या हात खाली टाकायच्या सवयीतून. हे दुकानात बदलून मिळत नाही. घरी भिंतीसमोर उभं राहून नियमित ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे पेलेट न घालता सराव, केलीस, साइटवर नजर ठेवून, ट्रिगर सरळ मागे घेऊन, फॉलो-थ्रू पूर्ण होईपर्यंत हात तसाच ठेवून, तर फरक दिसायला लागेल. त्याला दहा मीटर जागा लागत नाही, वन रूम किचनमध्येही होतं. फक्त पडदा ओढून घे. समोरच्या विंगमधल्या काकूंना खिडकीतून मुलगी पिस्तूल रोखून उभी दिसली, तर त्या आधी पोलिसांना फोन करतील आणि मग तुझ्या आईला.

तरीही स्वतःचं पिस्तूल हवं, हे मला मान्य आहे. कारण एकच: ग्रिप. क्लबचं पिस्तूल चौघी-पाचजणी वापरतात. दुसरीच्या मापाचं ब्लाउज घालून नाचाच्या स्पर्धेत उतरावं, तसला तो प्रकार. तुझा तळवा लहान आहे. लाकडी ग्रिप कानशीने घासून, जिथे पोकळ वाटेल तिथे वुड पुटी भरून, हाताला घट्ट बसवावी लागते. ते काम क्लबच्या ग्रिपवर कुणी करू देणार नाही. साइटची खाच, ट्रिगरची जागा, सगळं आपल्यापुरतं लावून ठेवता आलं की गुण स्थिर होतात. घासताना एवढं लक्षात ठेव, की ग्रिपने मनगट झाकलेलं चालत नाही आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसावं लागतं. ट्रिगरचं वजनही पाचशे ग्रॅमच्या खाली गेलं की तपासणीतच बाद.

म्हणून माझं मत: वापरलेलं घे. वरळीच्या रेंजवर, दादरच्या सावरकर स्मारकात, पनवेलला, पुण्याला विचारत राहा. कुणी वरचं मॉडेल घेतलेलं असतं, कुणी बारावीसाठी खेळ सोडलेला असतो, कुणाचं लग्न होऊन परदेशी जायचं असतं. बघायला जाशील तेव्हा चकाकीवर जाऊ नकोस. सगळ्यात आधी सिलिंडर उलटा करून त्यावरची तारीख वाच. दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांत चालत नाही, आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. तेवढी किंमत तिथेच कमी करून घे. मग सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला सांग आणि सकाळी दाब उतरलाय का बघ. मूळ बिल आहे का आणि त्यावरचा नंबर पिस्तुलावरच्या नंबराशी जुळतो का, हेही. बिल नसलेलं पिस्तूल कितीही स्वस्त पडलं तरी हात लावू नकोस, भले देणारी तुझी जिवलग मैत्रीण का असेना.

महाग पिस्तूल दगा देत नाही, असंही समजू नकोस. टोकियो ऑलिंपिकला नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि ती ५७५ गुणांवर बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्या हातात काही साधंसुधं पिस्तूल नव्हतं. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं आणली. तेव्हा जे घेशील त्याची सफाई, सील बदलणं, बॅटरी, स्क्रू हे स्वतः शिकून घे, मेकॅनिकच्या भरवशावर राहू नकोस.

एक छोटी गोष्ट राहिली. लोकलमधून नेताना पेटी बंद, कुलूप लावलेली, आणि बिल व क्लबचं ओळखपत्र सोबत. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोत बॅग स्कॅनरमधून जाते, तिथे उगाच वाद घालत बसू नकोस. क्लबमध्ये लॉकर मिळत असेल तर महिन्याचे थोडे पैसे दे आणि पिस्तूल तिथेच ठेव. ड्राय प्रॅक्टिससाठी शनिवार-रविवार घरी आण. गर्दीच्या विरार लोकलमध्ये ती पेटी डोक्यावर धरून उभं राहायची हौस दोन दिवसांत फिटेल तुझी.

तर साठवलेल्या पैशांतले निम्म्याच्या आसपास वापरलेल्या पिस्तुलाला, उरलेले बँकेत वेगळ्या खात्यात, आणि त्यातून फक्त पेलेट, फी आणि स्पर्धा. राज्य स्पर्धेत सलग दोन वर्षं गुण वर सरकले, तर नव्याची गोष्ट पुन्हा काढ. तेव्हा पैसे कमी पडले तर मी घालीन. जुनं बघायला जायचं ठरलं की मला आदल्या दिवशी फोन कर, मी येते. सौदा एकटीने करू नकोस.