पेशीतील निरोप्या : चरबी

चरबी म्हटली की आम्हां बँकेत बसून काम करणाऱ्यांना पोटच आठवते. पण विद्यार्थी मित्रहो, रक्तातील टी-पेशीचे काम तिच्या आवरणातील 'पिप-टू' या किंचितशा स्निग्ध पदार्थावाचून अडते. जंतूची खूण पटताच एक विकर त्याचे दोन तुकडे करते. डायअॅसिलग्लिसरॉल आवरणातच राहून पुढील विकरे जागी करते. आयपी-थ्री आत जाऊन कॅल्शियमचा साठा उघडते. (हे १९८३ साली स्वादुपिंडाच्या पेशींत प्रथम दिसले.) मग कॅल्सिन्युरिन 'एनफॅट' प्रथिनाला केंद्रकात धाडते, इंटरल्यूकिन-२ चे जनुक चालू होते, पेशी वाढतात. दुसऱ्याचे बसवलेले मूत्रपिंडही त्यांना परकेच! आमच्या एका सहकाऱ्यांचे सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्युरिनलाच अडवते. म्हणून त्यांची वेळ टळू लागली की आम्हीच घड्याळ दाखवतो.