स्तनातली गाठ: ऑपरेशनआधी सुईची बायोप्सी

स्तनात गाठ लागली, की घरात लगेच ‘काढूनच टाकू’ असं ठरतं. पण गाठ कसली आहे हे कळायला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. सुईने गाठीचा छोटा तुकडा तपासायला घेणं, म्हणजे कोअर बायोप्सी, तेवढ्याच जागेला भूल देऊन होते, सहसा टाके पडत नाहीत आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.

१. आधी सोनोग्राफी करा. चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफीही. रिपोर्टमधला ‘बायरॅड्स’ आकडा, म्हणजे संशय किती ते सांगणारा आकडा, पाहा. ३ असेल तर सहसा सहा महिन्यांनी फेरतपासणी, ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी.

२. कोणती सुई, ते विचारा. एफएनएसीच्या बारीक सुईत नुसत्या पेशी येतात. १४ गेजच्या कोअर सुईत तुकडा येतो, त्यामुळे पेशींची रचनाही कळते. गाठ नसून मॅमोग्राफीत फक्त चुन्याचे कण दिसत असतील, तर मॅमोग्राफीच्याच आधाराने व्हॅक्यूम बायोप्सी करतात.

३. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. जुन्या तपासण्यांच्या फिल्म सोबत न्या.

४. भुलीचं इंजेक्शन थोडं चुरचुरतं. मग दोन-तीन मिलिमीटरची चीर देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई गाठीपर्यंत नेतात. तुकडा घेताना ‘खट्’ असा मोठा आवाज होतो. दचकायला नको म्हणून तो आधी ऐकवायला सांगा. शेवईच्या तुकड्यांसारखे तीन-चार किंवा जास्त नमुने फॉर्मालिनच्या बाटलीत जातात. बाटलीवर आपलं नाव आणि डावी-उजवी बाजू बरोबर लिहिली आहे ना, ते बघा.

५. नंतर जागा दहा-पंधरा मिनिटं दाबून धरतात. घरी कापडात गुंडाळून बर्फ लावा, एक-दोन दिवस जड उचलू नका. थोडं काळं-निळं पडणं स्वाभाविक आहे. रक्त थांबेना, सूज वाढली किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

६. बायोप्सीचा रिपोर्ट सोनोग्राफी-मॅमोग्राफीशी जुळतो का, हे नक्की विचारा. चित्र संशयास्पद आणि तुकडा निर्दोष, असं असेल तर पुन्हा नमुना घ्यावा लागतो. ‘एटिपिकल’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या, पेशी निघाल्या तर मोठा नमुना किंवा ऑपरेशन लागू शकतं. कॅन्सर निघालाच, तर ईआर, पीआर (हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन) या तपासण्या याच तुकड्यांवर होतात आणि उपचारांचा क्रम नीट ठरवता येतो.

सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो, या भीतीने बायोप्सी टाळू नका. तसं होत नाही. आणि कुणी थेट ऑपरेशनची तारीख दिली, तर आधी विचारा: “सुईची बायोप्सी का नको?”