रॉचेस्टरचा बुजविलेला रस्ता

नगरांचा इतिहास लिहिताना काय बांधले गेले याची नोंद आपण आवर्जून करतो. काय बुजविले गेले याची सहसा करीत नाही. पूल, धरणे, राजमार्ग यांच्या पूर्णतेची वर्षे विद्यार्थी पाठ करतात. परंतु अमेरिकेत एक मध्यम आकाराचे शहर असे आहे की, त्याच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद घटना म्हणजे त्याने स्वतःच खणलेला एक भव्य रस्ता मातीने भरून टाकला, ही होय. त्या शहराचे नाव रॉचेस्टर. भूगोल व नागरिकशास्त्र या दोन्ही विषयांच्या अभ्यासकास त्याची हकीकत उपयोगी पडेल, म्हणून ती क्रमाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१. नदी, कालवा आणि कारखाने

रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिणेस वसलेले आहे. न्यूयॉर्क राज्य व न्यूयॉर्क महानगर यांची विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये. महानगर तेथून शेकडो मैल दूर आहे. रॉचेस्टरमधून जेनेसी नदी उत्तरेकडे वाहत जाते आणि शहराच्या अगदी मध्याजवळ ती सुमारे ९६ फूट खाली उडी घेते. या धबधब्याच्या बळावर तेथे पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. हडसन नदी व ईरी सरोवर यांना जोडणारा ईरी कालवा १८२५ मध्ये पूर्ण झाला, तोही या शहरातूनच जात होता. गहू कालव्याने येई, नदीच्या पाण्यावर दळला जाई आणि पीठ कालव्यानेच पूर्वेकडे रवाना होई. त्यामुळे रॉचेस्टरला ‘पिठाचे शहर’ हे नाव पडले. पुढे गव्हाची शेती पश्चिमेकडे सरकली व येथे रोपवाटिकांचा धंदा भरभराटीस आला. इंग्रजीत पीठ आणि फूल या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच असल्यामुळे नाव न बदलता ते ‘फुलांचे शहर’ झाले!

यानंतर आला जॉर्ज ईस्टमन. त्याने १८८८ मध्ये ‘कोडॅक’ नावाचा, कोणालाही सहज वापरता येईल असा कॅमेरा बाजारात आणला. ज्या घरांत जुनी छायाचित्रे जपून ठेवलेली असतील, तेथील वडीलधाऱ्यांना हे नाव निराळे सांगावयास नको. चष्म्यांच्या भिंगांचे व पुढे छायाप्रती काढणाऱ्या यंत्रांचेही मोठे उद्योग याच शहरात वाढले. काम मुबलक होते. त्यामुळे वस्ती दाट होती. १९५० च्या शिरगणतीत रॉचेस्टरची लोकसंख्या ३,३२,४८८ भरली. मेन स्ट्रीट या प्रमुख रस्त्यावर सिबली, मॅककर्डी, फोरमन यांची अनेक मजली दुकाने होती. कालवा शहराबाहेरून वळविल्यावर त्याच्या रिकाम्या पात्रात १९२७ मध्ये भुयारी आगगाडीही सुरू झाली होती.

दुकाने, कचेऱ्या, नाट्यगृहे यांच्या या गजबजलेल्या मध्यभागास अमेरिकन लोक ‘डाउनटाउन’ म्हणतात. आपण त्यास शहराची मुख्य पेठ म्हणू. या पेठेचे पुढे काय झाले, हाच आपल्या पाठाचा विषय आहे.

२. पेठ ओसरू लागली

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरे व मोटारी यांची अपूर्व वाढ झाली. संघसरकारने १९३४ पासून घरबांधणीच्या कर्जास हमी देण्याची व्यवस्था केली होती. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांनाही तशी सवलत मिळाली. या सवलतींचा कल शहराबाहेरील नव्या, सुट्या घरांकडे होता. शिवाय त्या काळी कर्ज देणाऱ्या संस्था शहरांचे नकाशे रंगवून ‘धोक्याचे’ भाग ठरवीत आणि कृष्णवर्णीयांची वस्ती असलेले भाग बहुधा त्यातच मोडत. परिणामी गोरी कुटुंबे ब्रायटन, आयरोंडिक्वॉय, ग्रीस अशा उपनगरांत राहावयास गेली. कृष्णवर्णीय कुटुंबांना ती वाट जवळजवळ बंद होती.

गिऱ्हाईक दूर गेले म्हणजे दुकानदारास चिंता पडणारच. नगरपित्यांनी रोगाचे निदान असे केले की, उपनगरातील माणसास मोटारीने पेठेत येणे कठीण जाते म्हणून तो येत नाही. तेव्हा त्याची वाट मोकळी करावी. त्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. त्या काळी देशातील बहुतेक शहरे याच निदानावर विश्वास ठेवीत होती. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांच्या राष्ट्रीय मार्गजालाचा ९० टक्के खर्च संघसरकारने उचलला होता. ज्या कामास वरून असा पैसा मिळतो, ते काम हाती घेण्याचा मोह कोणत्या नगरास आवरेल?

३. दोन औषधे

रॉचेस्टरने दोन उपाय केले. पहिला म्हणजे ‘इनर लूप’, अर्थात पेठेभोवतीचा वर्तुळाकार द्रुतगती मार्ग. १९५० नंतर त्याचे काम सुरू झाले व १९६५ मध्ये ते वर्तुळ पुरे झाले. त्याचा बराच भाग जमिनीच्या पातळीखाली, खंदकासारखा खणलेला होता. आजूबाजूचे समांतर रस्ते धरले तर काही ठिकाणी त्याची रुंदी बारा पदरांपर्यंत जाई. हा मार्ग व त्यास जोडणारे महामार्ग यांसाठी घरे, दुकाने, आळ्या पाडण्यात आल्या. नैर्ऋत्येकडील क्लॅरिसा स्ट्रीट हा कृष्णवर्णीय समाजाचा मुख्य रस्ता होता. तेथे दवाखाने होते, दुकाने होती, जाझ संगीतासाठी नावाजलेला पायथॉड क्लब होता. महामार्ग आणि ‘नगर-नवीकरण’ या दोहोंच्या तडाख्यात त्या वस्तीचा मोठा भाग नाहीसा झाला. भुयारी आगगाडीची प्रवासी वाहतूक १९५६ मध्येच बंद झाली होती. तिच्या पात्राचा पूर्वेकडील तुकडाही महामार्गाच्या कामी आला.

दुसरा उपाय म्हणजे ‘मिडटाउन प्लाझा’. व्हिएन्नात जन्मलेला प्रसिद्ध वास्तुशिल्पी व्हिक्टर ग्रूएन याने पेठेच्या मधोमध एक छप्पर असलेला, उन्हापावसापासून सुरक्षित बाजार बांधला. एप्रिल १९६२ मध्ये तो उघडला. शहराच्या मध्यभागी असलेला अमेरिकेतील अशा तऱ्हेचा तो पहिलाच बाजार होय. खाली सुमारे दोन हजार मोटारींचा वाहनतळ, वर कचेऱ्या, मध्ये निरनिराळ्या देशांची दृश्ये दाखविणारे मोठे घड्याळ, असा त्याचा थाट होता. देशोदेशीचे नगररचनाकार तो पाहावयास आले. काही वर्षे त्याने गर्दीही खेचली.

४. औषधानेच रोग वाढविला

मग बिघडले कोठे? येथे विद्यार्थ्यांनी एक साधे गणित करून पाहावे. एक मोटार उभी करण्यास, आत-बाहेर करण्याची वाट धरून, सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. म्हणजे एक एकर मोकळ्या जमिनीवर सुमारे १४५ मोटारी मावतात. त्याच एका एकरावर चार मजली घरे असतील, तर तेथे शेकडो माणसे राहू शकतात, आणि ती पायीच दुकानात जातात. मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी पेठ जसजशी जागा करून देऊ लागली, तसतशी पेठेतील घरे व लहान इमारती पडून तेथे वाहनतळ झाले. गिऱ्हाइकासाठी जागा झाली खरी. परंतु त्याने ज्यासाठी यावे ते कमी कमी होत गेले.

दुसरे असे की, रस्ता हा दुतर्फा असतो. ज्या मार्गाने माणूस दहा मिनिटांत पेठेत येतो, त्याच मार्गाने तो दहा मिनिटांत पेठेतून निघूनही जातो. सायंकाळी कचेऱ्या सुटल्या की पेठ ओस पडू लागली. जेन जेकब्स या विदुषीने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन नगरांवरील ग्रंथात हेच मांडले होते. रस्त्यावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांसाठी वावरणारी माणसे असली, तरच तो रस्ता सुरक्षित व सजीव राहतो, असा तिच्या विवेचनाचा आशय आहे.

तिसरे कारण खंदकाचे. जुन्या काळी खंदक शत्रूस बाहेर ठेवण्यासाठी खणीत. इनर लूपच्या खंदकाने शेजाऱ्यांना बाहेर ठेवले. पलीकडच्या आळीतील म्हातारीस पेठ दिसत असे; पण तेथे जाण्यास दूरचा पूल गाठावा लागे. पायी चालणारे गिऱ्हाईक असे तुटले.

याच काळात, जुलै १९६४ मध्ये, शहरात तीन दिवस मोठी दंगल झाली व राज्याचे सैन्य बोलवावे लागले. कोंदट घरे, कामावर घेण्यात होणारा भेदभाव व पोलिसांविषयीचा रोष ही तिची मुळे होती. पुढे १९८२ मध्ये ज्या कोडॅक कंपनीत एकट्या रॉचेस्टर परिसरात ६० हजारांवर लोक कामास होते, तिचा धंदा फितीविना निघणाऱ्या छायाचित्रांमुळे ढासळला आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मेन स्ट्रीटवरील मोठी दुकाने १९९० च्या सुमारास व त्यानंतर एकामागून एक बंद पडली. मिडटाउन प्लाझा २००८ मध्ये बंद झाला आणि नंतर पाडला गेला. २०१० च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या २,१०,५६५ उरली. साठ वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसे कमी झाली. या घटीचे सारे खापर रस्त्यावर फोडणे अन्यायाचे होईल. पण पेठ वाचविण्यासाठी बांधलेला रस्ता पेठ वाचवू शकला नाही, एवढे निश्चित.

५. खंदक भरला

इनर लूपच्या पूर्व भागावरून दिवसाला जेमतेम सात हजारांच्या आसपास वाहने जात. एवढ्या रहदारीस शहरातील एक साधा रस्ताही पुरतो. तेव्हा नगरपालिकेने प्रश्न उलटा विचारला : हा मार्ग दुरुस्त कसा करावा, याऐवजी तो हवाच कशाला? २०१३ मध्ये संघसरकारकडून सुमारे १ कोटी ७७ लक्ष डॉलरांचे अनुदान मिळाले. २०१४ च्या अखेरीस काम सुरू होऊन २०१७ मध्ये पूर्ण झाले. खंदक मातीने भरला. त्यावर झाडांच्या रांगा, रुंद पदपथ व सायकलींची स्वतंत्र वाट असलेला साधा रस्ता आला. सुमारे सहा एकर जमीन मोकळी झाली. तेथे आज शेकडो सदनिका व दुकाने आहेत. खेळांच्या इतिहासास वाहिलेले ‘द स्ट्रॉंग’ हे संग्रहालय त्या जागेवर विस्तारले असून २०२३ मध्ये त्याचे नवे दालन उघडले. मिडटाउनच्या मनोऱ्याचा सांगाडा राखून त्यातही माणसे राहती झाली. सिबलीच्या जुन्या दुकानाचीही तीच गोष्ट. २०२० च्या शिरगणतीत लोकसंख्या २,११,३२८ भरली. वाढ अल्प आहे, पण १९५० नंतरची ती पहिलीच. उत्तरेकडील मार्गही बुजविण्यासाठी राज्याने २०२२ मध्ये १० कोटी डॉलरांची तरतूद केली.

६. जे भरून येत नाही

येथे हकीकत संपविली तर ती अपुरी राहील. माती टाकून खंदक भरता येतो. साठ वर्षांपूर्वी उठविलेली कुटुंबे त्याच मातीवर परत आणता येत नाहीत. नव्या सदनिकांचे भाडे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि रॉचेस्टरची गणना अमेरिकेतील सर्वाधिक बालदारिद्र्य असलेल्या शहरांत होते. त्यामुळे पुनर्वसित पेठ कोणासाठी, हा प्रश्न तेथील नागरिक सभांतून विचारीत असतात. काही सदनिका कमी भाड्याच्या राखल्या गेल्या आहेत; पण गरज त्याहून पुष्कळ मोठी आहे. उत्तर भागाच्या आखणीत पूर्वीच्या रहिवाशांचे म्हणणे ऐकले जावे असा आग्रह याच कारणाने धरला जातो.

तात्पर्य, पेठेचे वैभव तेथे येऊन जाणाऱ्या वाहनांच्या संख्येवर ठरत नाही. तेथे राहणाऱ्या व पायी वावरणाऱ्या माणसांवर ठरते. ही गोष्ट समजण्यास रॉचेस्टरला अर्धे शतक लागले. ज्या नगरांत आजही दुकानावर घर व घराखाली दुकान आहे, सायंकाळी ओट्यावर माणसे बसतात आणि मुले चालत शाळेत जातात, त्यांच्याजवळ ते धन मुळातच आहे. रुंदीकरणाचा नकाशा भिंतीवर लागेल तेव्हा त्यात किती पदर वाढतील हे पाहावे. पण त्याआधी किती उंबरे कमी होतील हे मोजावे.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) रॉचेस्टरच्या वाढीस नदी व कालवा यांची मदत कशी झाली?
(२) उपनगरांची वाढ सर्वांना सारखीच लाभदायक का ठरली नाही?
(३) आपल्या गावातील एका बाजाररस्त्यावर अर्धा तास उभे राहून पायी येणारी माणसे व वाहने यांची गणना करा. दुकानात प्रत्यक्ष कोण शिरले, याची वेगळी नोंद ठेवा व त्यावरून काय दिसते ते दहा ओळींत लिहा.